डब्याला लावलेला कान

भुलाबाईच्या खेळात मी कधी हरले नव्हते. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. फुशारकी मारावी असं माझ्या आयुष्यात फार काही नाही. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं लोकांना त्यांच्या जमिनीचे जुने नकाशे शोधून दिले, एक मुलगी वाढवली, एक नवरा सांभाळला. पण झाकलेला डबा कानाशी धरून हलवला की आत काय आहे ते मी सांगायची, आणि आत तेच निघायचं.

आमच्याकडे विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसते. शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. मग कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला गाणी. गाणी संपली की ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि आतला खाऊ बाकीच्यांनी ओळखायचा. ओळखा, नाहीतर हरलो म्हणा, त्याशिवाय झाकण निघत नाही. करंज्या एकमेकींना हळूच टेकतात. शंकरपाळे खुळखुळतात, चिवडा सरसरतो. वड्या एकदम सरकतात आणि एकदम थांबतात. लाडू गडगडतात, पण रव्याचा लाडू बेसनाच्या लाडवासारखा गडगडत नाही. काही बिलंदर बायका आवाज दाबायला आत फडकं कोंबायच्या, कुणी फसवायला चमचा टाकायची. मला फडकंही ऐकू यायचं आणि चमचाही.

त्या वर्षी भुलाबाई बसली तेव्हा माझ्या डोक्यावर एकही केस नव्हता.

आजार कळायच्या आधीचे चार-सहा महिने पोट फुगायचं. दोन घास खाल्ले की पंगत झोडून आल्यासारखं भरून यायचं. मी ओवा खाल्ला, हिंगाष्टक खाल्लं, साडीची गाठ सैल केली आणि वयाला दोष दिला. ऑफिसातल्या एकीनं तर हसून विचारलंही, काही गोड बातमी आहे का म्हणून. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र बोलता बोलता बोलणं थांबवलं. त्यांचं ते गप्प होणं मी ऐकलं. माझा कान तसा तयार आहे. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. उन्हाळा संपता संपता ऑपरेशन झालं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं गेली, आणि मग दर एकवीस दिवसांनी सलाइनमधून औषध, अशा सहा सायकल ठरल्या.

तिसऱ्या सायकलनंतर तोंडाची चव गेली. पाणी गंजक्या नळाचं, वरण खडूचं, आणि नवऱ्यानं कळमन्याच्या बाजारातून पेटीभर आणलेली मोसंबी पितळेच्या लोट्याची लागायची. वासही गेल्यातच जमा होता. बोटांच्या टोकांना मुंग्या येत आणि त्या जात नसत. कुणीतरी सतत हातमोजे घालून ठेवलेत असं वाटायचं. ब्लाऊजचा हूक मुलगी लावून द्यायची. ह्या सगळ्यापेक्षा जास्त राग मला ‘पॉझिटिव्ह राहा’चा यायचा. येणारा प्रत्येक पाहुणा सफरचंदांच्या पिशवीबरोबर ते दोन शब्द घेऊन यायचा. एका मावसभावाला मी म्हटलं, “माझा रिपोर्टच पॉझिटिव्ह आला आहे, आणखी किती राहू?” तो बिचारा चहा न घेताच गेला.

दवाखान्यात औषध चढवण्याआधी एक सिस्टर फॉर्म घेऊन बसायच्या. गोड होत्या. गेल्या आठवड्यात झोप कशी लागली, थकवा किती, उदास किती वेळा वाटलं, पुढचं काय होईल ह्याची भीती किती वाटते. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत असायची. मी एका दमात सगळीकडे ‘अजिबात नाही’ सांगायची. सिस्टर पेन थांबवून एकदा माझ्याकडे, एकदा मुलीकडे बघत आणि खूण करत. मग मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, “माझी आई वाघीण आहे.”

दुपारी वाघीण झोपून असायची. त्या दुपारींचं मला आजही नीट सांगता येत नाही. ऑक्टोबरचं ऊन खिडकीच्या पडद्यावर पसरलेलं, कूलरमध्ये पाण्याचा थेंब थेंब, आणि मी धड झोपलेली नाही, धड जागी नाही. अंग पलंगावर राहायचं आणि कान तेवढे उठून लेआऊटमधल्या घराघरांतून फिरायला निघायचे. पलीकडच्या घरी कुकरची तिसरी शिट्टी. कोपऱ्यावरच्या घरी पापड भाजतायत. कुणाच्या तरी मागच्या अंगणात खलबत्ता. कधी वाटायचं मी आठ वर्षांची आहे, परकरात पाय दुमडून बसले आहे आणि कुणीतरी माझ्या हातात भला मोठा झाकलेला डबा दिला आहे. मी तो हलवते. आतून काहीच आवाज येत नाही. पुन्हा हलवते. मग कळायचं की तो डबा नाही, माझंच पोट आहे, आणि आत आता एक खोली रिकामी आहे. घाबरून जाग यायची असं नाही. मी त्या रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसून राहायची. पडदा हलायचा, ऊन भिंतीवरून खाली उतरायचं, आणि शाळेतून परतणाऱ्या रिक्षेचा भोंगा ऐकू आला की चार वाजलेले असायचे.

आमच्या लेआऊटमध्ये आता मुली फारशा उरल्या नाहीत. ज्या आहेत त्यांना क्लास असतात. त्यामुळे भुलाबाई बायकाच खेळतो. भुलाबाई बसते ती आमच्या शेजारणीकडे. ती काटोलकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून भिंतीला भिंत लागून आहे. पाचव्या सायकलनंतर आठवडाभरानं ती दारात येऊन उभी राहिली.

“वहिनी, चाला.”

“माझं डोकं बघ.”

“भुलाबाईले का करनं हाय तुमच्या डोक्याचं? कान तं जाग्यावर हायेत ना?”

मी गेले. मुलीनं जरीपटक्याच्या बाजारातून आणलेला निळा स्कार्फ बांधला आणि गेले. गाणी म्हणताना दम लागत होता, म्हणून टाळ्या वाजवल्या. मग डबा आला आणि रिवाज मोडून पहिला माझ्याच हातात दिला. बोटांना तो हातात आहे की नाही तेही कळेना, म्हणून दोन्ही पंजांत दाबून धरला. कानाशी नेला. हलवला. खरं सांगायचं तर मला काही उमगलं नाही. आवाज पाण्याखालून आल्यासारखा लांबचा होता. मी अंदाजानं म्हटलं, “शंकरपाळे.”

“बरोब्बर!” बायका ओरडल्या.

आणि मी हसले. किती महिन्यांनी हसले ते मुलीच्या तोंडावर दिसत होतं. ती कामावरून थेट तिथे आली होती आणि दाराशी चपला काढत उभी होती. दुसऱ्या दिवशी मी ‘वड्या’ म्हटलं, बरोबर. तिसऱ्या दिवशी ‘शेव’, बरोबर. पुढे पुढे हलवायच्या आधीच मला कळल्यासारखं वाटायला लागलं. शरीरानं माझी चव नेली, केस नेले, बोटं नेली, पण हे एक ठेवलं, असं वाटून मी संध्याकाळची वाट बघायला लागले. त्या आठ दिवसांत दुपारचा तो रिकामा डबाही स्वप्नात आला नाही. मी सुखात होते, हे अगदी सरळ सांगते.

आठव्या दिवशी मी ‘बेसनाचे लाडू’ म्हटलं आणि तेही बरोबर निघालं. एक लाडू तिथेच खाल्ला. तोंडात वाळू फिरवावी तसा फिरवला आणि गिळला. दुसरा रुमालात बांधून घरी आणला. नवरा हिंगण्याला कंपनीत आहे. त्या दिवशी बस उशिरा पोचली होती आणि तो भुकेजून आला होता. त्यानं अर्धा लाडू एका घासात संपवला.

“मस्त झाले गं मुगाचे लाडू. कोणाकडचे?”

“बेसनाचे आहेत.”

“मुगाचे आहेत. तुझी आई करायची तसेच, भाजलेल्या डाळीचे.” त्यानं उरलेला अर्धा उजेडात धरला. “मला काय मूग कळत नाही?”

त्याला काय कळत नाही ह्याची मोठी यादी माझ्याकडे आहे, पण मूग कळतो. मी त्याच्या हातातला तुकडा घेऊन तोंडात टाकला. वाळू. दिसायला दोन्ही पिवळेच. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. त्याला कळेना की लाडू खाल्ला ह्यात त्याचं काय चुकलं.

सकाळी शेजारीण दारात सडा टाकत होती. मी विचारलं, “काल कुणाच्या घरचा खाऊ होता?” तिनं बादली खाली ठेवली आणि तिथेच मला उत्तर मिळालं.

“वहिनी, रागावू नका.”

“किती दिवस?”

“पैल्या दिवशी बी खारे शंकरपाळे नव्हते, मठरी होती. लहान लहान कापली होती, तं कोनाले कराचं का होतं.” ती पदरानं हात पुसत राहिली. “पोरीनं हात जोडले वं आमाले. म्हने काकू, आईले जिंकू द्या. रोज दुपारी ज्याची पाळी त्याले फोन करे, म्हने दिसाले दोन-चार खाऊंसारखं असंन असं कायी करा, आन् आई जे म्हनंन ते बरोब्बर म्हना. मंग का करू मी? तुमी हासल्या ना त्या दिवशी, आमचंच पोट भरलं.”

तिच्यावर रागावणं शक्य नव्हतं. ती रडत होती, आणि तिच्या बादलीतलं पाणी माझ्याच पायरीवरून वाहत होतं. मुलीवर मात्र मला भयंकर राग आला. पंचवीस वर्षांची घोडी, बँकेत नोकरी करते, आणि आईला लहान पोरीसारखं खोटं खोटं जिंकवते. मग त्या रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. माझे सगळे रिपोर्ट तिच्या फोनवर येतात. प्रत्येक सायकलच्या वेळी रक्तात एक आकडा तपासतात, तो खाली यायला हवा असतो. दर वेळी ती फोन बघायची आणि म्हणायची, “छान आहे आई. एकदम छान.” बायका ‘बरोब्बर’ म्हणायच्या, अगदी त्याच आवाजात.

मी तिला काही विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? ती पुन्हा छानच म्हणाली असती, आणि ते खरं की खोटं हे मला कळलं नसतं. माझ्या स्वतःच्या शरीराची बातमी मला कुणाकडून खरी मिळेल अशी सोयच राहिली नव्हती. मी भुलाबाईला जायचं बंद केलं. थकवा आहे म्हटलं. सहावी, शेवटची सायकल झाली. कोजागिरीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. मुलगी गॅलरीत गेली, फोनकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, “छान आहे आई.”

त्या दुपारी मी पुन्हा तशीच पडले होते. पडद्यावर ऊन, कूलर, थेंब. डबा पुन्हा हातात आला. ह्या वेळी मी परकरातली नव्हते, आताचीच होते, निळ्या स्कार्फातली. समोर मुलगी बसली होती, पाच-सहा वर्षांची, दोन वेण्या. डबा माझ्या हातात होता आणि ती ओळखत होती. “आई, भीती आहे?” मी झाकण घट्ट दाबून म्हणत होते, अजिबात नाही. “रडू आहे?” अजिबात नाही. “दुखतंय?” अजिबात नाही. ती हरली असं म्हणतही नव्हती आणि उठतही नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

डोळे उघडले तेव्हा उशी ओली होती. एवढे दिवस मी तिच्यावर चिडले होते. पण पहिला खोटा डबा मीच धरला होता, त्या फॉर्मपाशी, तिच्या डोळ्यांसमोर. माझं पाहूनच ती शिकली.

कोजागिरीची पाळी आमच्या घरची होती. दोन महिन्यांपूर्वीच ठरलेली, टाळता येण्यासारखी नव्हती. संध्याकाळी बायका गच्चीवर जमल्या, शेजारणीनं भुलाबाई पाटावर ठेवून वर आणली. चंद्र समोरच्या टाकीमागून नुकता वर येत होता. खाली स्वयंपाकघरात मुलगी दूध आटवत होती. ह्या दिवशी आमच्याकडे घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. माझं पहिलंही तीच आणि शेवटचंही तीच. मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. बोटाला कुंकू लागलंय की नाही तेच कळेना, तेव्हा तिनं माझं बोट धरून स्वतःच्या कपाळावर नेलं.

तबक खाली ठेवून मी म्हटलं, “त्या सिस्टरांच्या फॉर्मवर मी दर वेळी खोटं सांगितलं.”

ती पाटावरून उठायला लागली. मी तिला खांदा धरून खाली बसवलं.

“मला भीती वाटते. खूप. चौथा चौकोन. सकाळी उठल्या उठल्या वाटते. आणि तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून रडते.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तू नळ बंद करायला विसरते.”

“आणि ते लाडू मुगाचे होते.”

तिचा चेहरा पडला. ती काही बोलणार होती, तेवढ्यात वरून हाका आल्या आणि दूध उतू जायला लागलं. मी तशीच हळूहळू जिना चढले.

गाणी झाली. डबा घेऊन मुलगी आली. तिला स्वयंपाक येत नाही, तेव्हा आत काय असेल ह्याची मला खरंच उत्सुकता होती. तिनं तो माझ्या हातात दिला. मी कानाशी धरला. आत काहीतरी जड, कोनाकोनाचं एकमेकांवर घसरलं.

“चकल्या,” मी म्हटलं.

बायका माझ्याकडे नाही, मुलीकडे बघत होत्या. शेजारणीनं तर ‘बरोब्बर’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. मुलगी पुढे सरकली.

“चुकलं, आई.”

मी पुन्हा हलवला. “सांजोऱ्या?”

“चुकलं.”

“मोदक?”

“चुकलं.” आता तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

“हरले,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. म्हणताना छातीवरचा पाटा उचलून ठेवल्यासारखं वाटलं.

तिनं झाकण काढलं. उकडलेले शिंगाडे होते, काळे, वाफाळते, ठेल्यावर मिळतात तसे. तिला तेवढंच येतं, पाणी आणि मीठ. बायका खो खो हसल्या, शेजारीण डोळे पुसत दुधाचे पेले भरायला लागली. आम्ही दोघी कठड्याशी जाऊन बसलो. चंद्र टाकीच्या वर आला होता आणि सगळा लेआऊट दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. माझ्या बोटांना साल निघेना. ती एकेक सोलून माझ्या हातावर ठेवत होती.

तिसरा शिंगाडा सोलताना ती खाली बघतच म्हणाली, “आई, रिपोर्ट छान नाही आहे. आधी आकडा खाली येऊन राहिला होता, ते खरंच सांगितलं होतं मी. ह्या वेळी थोडा वाढला आहे. डॉक्टर म्हणाले तीन आठवड्यांनी परत बघू, मग स्कॅन. काय होईल ते मला नाही माहीत.”

मी तिचा हात धरला. तो थंडगार होता, आणि तो थंड आहे हे मला माझ्या त्या मेल्या बोटांनीही कळलं. भीती वाटली, नाही असं नाही. पण ती आता आमच्या दोघींच्या मधोमध बसली होती, दोघींना दिसेल अशी.

“सोल अजून एक,” मी म्हटलं.

तिनं सोलला. पांढरा, थोडा वेडावाकडा. मी तोंडात टाकला आणि सावकाश चावला. चव नव्हतीच. पण काय खातेय ते मला माहीत होतं.